डाव्या हाताची गाठ

रविवारी नळाला पाणी असेपर्यंत मशीन उरकून घ्यायचं, असा त्या घरचा नेम होता. नाशिकरोडच्या अलीकडे, उपनगर नावाच्या वसाहतीत, पुढे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची पडवी. पडवीत मोरीच्या कडेला चार विटांवर ते आकाशी रंगाचं मशीन उभं असे. वरून झाकण, आत गोल पिंप, तळाला एक चकती. झाकण उघडून नळाची नळी आत सोडायची, कपडे टाकायचे, साबणाची पूड टाकायची आणि बटण पिळायचं. चकती थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे फिरे, पाणी घुमू लागे आणि वेळ भरली की घंटी वाजून सगळं आपोआप थांबे.

विशाखाने ते आदल्या वर्षी, पंच्याऐंशी साली आणलं होतं. ती शाळेत मराठी शिकवायची. लग्न केलं नव्हतं. आईवडिलांजवळच राहत होती. मशीन गल्लीतलं पहिलंच, त्यामुळे आलं त्या दिवशी बायकांची रीघ लागली. शेजारच्या कुसाबाईंनी झाकणातून आत डोकावून विशाखाच्या आईला, गोजराबाईला, विचारलं होतं, "आक्का, कपडे हे धुणार, मग तुम्ही काय करणार? जेवायचं बी एखादं मशीन आणा, म्हणजे दात झिजायचे नाय."

आईने हसून घेतलं, पण तिचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता. ती त्याला रांजण म्हणे. रांजण सुरू झाला की अंग घुसळत थरथरे, विटांवर खडखडे, आणि मग आई हातातलं काम टाकून पडवीत जाई. झाकणावर डावा हात पसरून ठेवी, नुकत्याच व्यालेल्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. हात पडला की खडखड थांबे. "भ्यालेलं असतंय ते," ती म्हणे. विशाखा तिला समजावून सांगे की विटा एका उंचीच्या नाहीत, वरून वजन पडलं की मशीन नीट बसतं. आई मान डोलवी आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच हात ठेवून उभी राही.

आई डावखुरी होती. येवल्याकडच्या ज्या खेड्यात ती वाढली तिथे मुलींना शाळा नव्हती, आणि पुढे विशाखाने पाटी घेऊन बसवलं तेव्हा दोन अक्षरं गिरवून ती म्हणाली होती की माझं डोकं पदरात आहे. ते खरंच होतं. जे लक्षात ठेवायचं ते ती नऊवारी लुगड्याच्या पदराला बांधी. रॉकेल संपत आलं, गाठ. कुणाची वाटी परत करायची, गाठ. विहारात पौर्णिमेच्या वंदनेला दूध न्यायचं, गाठ. डाव्या हाताने वळवून, पीळ घालून, शेपूट आत खोचून ती अशी घट्ट बांधी की वाटावं कपड्यालाच गोटी उगवली आहे. काम झालं की गाठ सुटे. एकदा तिने गाठीतच सुपारीच्या खांडासारखं काही बांधलं होतं, ते सुटून चकतीखाली जाऊन बसलं आणि मशीन आठवडाभर मुकं झालं. तेव्हापासून रीत ठरली. लुगडं मशीनमध्ये टाकण्याआधी विशाखाने पदर चाचपायचा आणि हाक मारायची, "आई, गाठ." मग आईने यायचं, नेसलेल्या लुगड्याच्या पदराला तशीच गाठ मारायची आणि त्यानंतरच जुनी सोडायची. बैल एका खुंट्यावरून सोडायच्या आधी दुसरा खुंटा पक्का करतात ना, तसं.

कसली गाठ, हे विशाखाने कधी विचारलं नाही. हाक मारायची तीसुद्धा पुस्तकात बोट ठेवून.

एप्रिल संपत आलेल्या त्या रविवारी तिच्या हातात एक जाडजूड कादंबरी होती आणि शेवटची काही पानं उरली होती. नळाची धार बारीक होऊ लागली होती. आईचं हिरवं लुगडं तिने पिंपाच्या काठावर घेतलं, पदर चाचपला, गाठ लागली. एका हाताने सुटेना, तेव्हा तिने ती दातांत धरून सोडवली. हाक मारायची राहून गेली. लुगडं पाण्यात गेलं, झाकण पडलं, बटण पिळलं गेलं आणि विशाखा पडवीच्या पायरीवर बसून पुढचं पान वाचू लागली. आई आली, झाकणावर हात ठेवून उभी राहिली, आणि कपडे थरथरत फिरत राहिले.

संध्याकाळी आई स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधल्या दारात आली. पदराचं टोक तिच्या डाव्या हातात होतं आणि अंगठा त्यावरून फिरत होता.

"विशा, इथं काहीतरी बांधलं होतं मी."

"आठवेल," विशाखा म्हणाली.

आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. भाकरीचं पीठ हाताला लागलेलं होतं, ते पदराला लागलं.

"ऐकतेस का?"

"हं."

"काय नाय. वाच तू."

मग तिने भाकऱ्या केल्या. दादांना, म्हणजे विशाखाच्या वडिलांना, वांगं तिखट लागलं म्हणून ते कुरकुरले, आणि आईने सांगितलं की उद्यापासून तुमच्यापुरतं दूधभात. सगळे हसले. तो दिवस असा संपला.

सोमवारी सकाळी गल्लीतल्या नळावरून प्यायच्या पाण्याचा हंडा आणताना ती कुसाबाईंच्या ओट्यावर टेकली, घोटभर पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेलेली होती.

दादांचं नाव पुंजाराम. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांनी पाळीची नोकरी केली होती आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. छप्पन्न साली नवी दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने घरातले देवांचे टाक नदीत सोडले होते, आणि पुढच्या वर्षी झालेल्या मुलीचं नाव विशाखा ठेवलं होतं. अंगात येणं, भूतखेत, आत्मा, यांतलं काही त्यांनी तीस वर्षांत उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. आईची थोरली बहीण चिमणाबाई गावाहून आली होती. रडून झाल्यावर तिने हळूच सुचवलं की एका टोपलीखाली पीठ पसरून ठेवू, सकाळी कशाचं पाऊल उमटलंय ते बघू, म्हणजे गोजरा कुठं गेली ते कळेल. दादांचा आवाज चढला नाही. "या घरात पीठ भाकरीला लागतं," ते म्हणाले.

विशाखाला ते पटलं होतं. माणूस संपतं तेव्हा संपतं, हे तिने आयुष्यभर ऐकलं होतं, वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. पुण्यानुमोदनाला पांढरी साडी नेसून ती दादांशेजारी बसली, सगळ्यांबरोबर त्रिशरण-पंचशील म्हटलं, पाहुण्यांना चहा दिला. डोळे कोरडे राहिले. बायका आपसांत बोलल्या की शिकलेल्या पोरी आतल्या आत रडतात.

मशीन बरेच दिवस बंदच होतं. दादा आपले कपडे हाताने धूत, ती आपले. मे महिन्याची सुट्टी लागली, अंथरूण-पांघरुणांचा ढीग साठला, तेव्हा तिने एका सकाळी झाकणावरची धूळ पुसली. पहिल्यांदा तिने ती पांढरी साडी आणि दोन उशांचे अभ्रे टाकले. आत स्वयंपाकघरात डाळीला फोडणी घालताना पडवीतली खडखड तिला ऐकू येत होती. मध्येच खडखड थांबली. मशीन बंद पडलं असं समजून तिने कान दिला, तर आत पाणी घुमतच होतं. फक्त विटा वाजायच्या थांबल्या होत्या.

मग घंटी वाजली.

साडी बाहेर काढली तेव्हा पदराच्या टोकाला गाठ होती.

मशीनमध्ये कपडे गुंततात हे कुणालाही माहीत आहे. साडीचा आणि अभ्र्यांचा पीळ तर दोरखंडासारखा झालेला होता, तो तिने सोडवला. गाठ शेवटी राहिली. ती नखांनी निघेना. तोंड खाली नेऊन तिने दात लावले, आणि साबणाची चव जिभेवर आली तशी तिला कादंबरीची ती पानं आठवली, पडवीची पायरी आठवली, हिरवं लुगडं आठवलं. गाठीचं शेपूट आत खोचलेलं होतं.

पुढच्या खेपेला गाठ चादरीच्या कोपऱ्याला आली. त्यानंतर तिच्या हातरुमालाला. कपडे कितीही असोत, गाठ एकच असे, एकाच टोकाला, आणि पीळ डावीकडे. तिने एक कोरडा रुमाल घेऊन तशी गाठ मारून पाहिली. तिच्या हाताने पीळ उजवीकडे जाई. डाव्या हाताने प्रयत्न केला तेव्हा वळण जमलं, पण गाठ सैल पडली. शेपूट आत बसेना. चकती दोन्हीकडे फिरते, तेव्हा पीळ कधी डावीकडे पडणारच, असं तिने स्वतःला सांगितलं. दुःखात असलेल्या माणसाला भिंतीवरच्या ओलीतसुद्धा चेहरा दिसतो, हेही तिने पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं. ते वाचलेलं तिला पाठ होतं, आणि त्याचा तिला काही उपयोग होत नव्हता.

मग तिने पारख करायचं ठरवलं. एकच अभ्रा टाकला, झाकण उघडं ठेवलं आणि पिंपावर वाकून पाहत राहिली. अभ्रा पाण्यात फुगला, बुडाला, फिरला, पुन्हा वर आला. शहाण्या मुलासारखा. मशीन विटांवर खडखडत राहिलं. वेळ भरली, घंटी वाजली, अभ्र्याला काही झालं नव्हतं. तिने तोच अभ्रा पुन्हा आत टाकला, झाकण लावलं, बटण पिळलं आणि वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात गेली. दोरीवरचा पहिला चिमटा काढते तोच मागे खडखड थांबली. तिने वळून पाहिलं नाही. का नाही, ते तिला सांगता आलं नसतं. मागे वळून पाहिलं आणि झाकणावर काहीच नसलं तर, ही भीती दुसऱ्या भीतीहून मोठी होती.

अभ्र्याच्या शिवणीच्या कोपऱ्याला गाठ होती. सुती कापड तिथे इतकं जाड होतं की बांधायला बळ लागलं असणार.

हे ती कुणाला सांगणार? दादांना सांगणं म्हणजे चिमणामावशीचं पीठ घरात पसरण्यासारखं होतं. ती गुपचूप गाठी सोडत राहिली. दर वेळी सोडताना वाटे की आपण काहीतरी पुसून टाकतो आहोत. आईने त्या दिवशी पदराला काय बांधलं होतं, एवढंच तिला हवं होतं. उठता-बसता तेच. रॉकेल असेल. कुणाची वाटी असेल. छातीत दुखतं, डॉक्टरकडे जायचं, असंही असेल. त्या विचाराशी आली की ती उठून काहीतरी काम काढी.

एका रविवारी दादांचा पंचा धुतला गेला आणि तिचं लक्ष नव्हतं. दादांनी तो दोरीवरून काढून आंघोळीला नेला. थोड्या वेळाने ते ओल्या अंगाने दारात आले. पंच्याचं टोक त्यांच्या मुठीत होतं.

"ही तू मारलीस?"

"मशीनमध्ये गुंतलं असेल."

दादांनी गाठीकडे पाहिलं. एकतीस-बत्तीस वर्षं ज्या बाईच्या पदराला असल्या गाठी त्यांनी पाहिल्या होत्या, तिचा फोटो त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर होता, नवा हार घातलेला. "हं," ते म्हणाले आणि आत गेले. अंग त्यांनी दुसऱ्या पंच्याने पुसलं. दुपारी कपाट लावताना विशाखाला तो पंचा त्यांच्या सदऱ्यांच्या खाली सापडला. घडी नीट घातलेली होती, आणि गाठ तशीच होती. तिने तो जागच्या जागी ठेवला.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी कुसाबाई लोणच्याची बरणी परत द्यायला आल्या. पडवीत बसल्या, मशीनकडे बघून डोळे पुसले, आणि मग नेहमीच्या सवयीने बोलू लागल्या. आक्काशिवाय नळावर मजा नाही. आक्काला चिडवायला लय बरं वाटायचं. शेवटच्या रविवारी सकाळीसुद्धा आक्का माझ्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती, बोलता बोलता थांबली आणि पदराला गाठ मारली. मी म्हटलं, काय ओ, रॉकेलवाला येणार का? तर म्हणाली, नाही.

विशाखाच्या हातात बरणी होती. ती तिने खाली ठेवली.

"मग कसली म्हणाली?"

"म्हणली, विशाला एक सांगायचंय. पण ती वाचत बसली ना, म्हणजे मी दारापर्यंत जाते आणि सगळं विसरते. म्हणून बांधून ठेवते." कुसाबाई हसल्या. "मी म्हटलं, मला तरी सांगा. तर म्हणली, आधी लेकीला. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय."

"आणि?"

"आणि काय. लसूण सोलून झाला, ती गेली." कुसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "सांगितलं असंल ना तिनं?"

विशाखा म्हणाली, हो.

त्या गेल्यावर ती पायरीवर बसली. आई दारात उभी राहिली होती. पदराचं टोक चाचपत. गाठ असती तर तिला आठवलं असतं.

पुढच्या रविवारी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. पडवीत उकडत होतं. दादा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. पान उलटल्याचा आवाज मधूनमधून येत होता. विशाखाने ट्रंक उघडून हिरवं लुगडं काढलं. त्या रविवारी धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेलं, त्यानंतर कुणी न नेसलेलं. त्याला साबणाचाच वास होता, आईचा नव्हता. तिने ते पडवीत नेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडलं. नऊ वार. कुठे गाठ नव्हती. पदर तिने दोनदा पाहिला.

ते एकटंच पिंपात मावलं. तिने पाणी सोडलं, पूड टाकली, झाकण लावलं, बटण पिळलं, आणि नेहमीसारखी आत गेली नाही. पायरीवर बसली. हातात पुस्तक नव्हतं. हातांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिने ते मांडीवर ठेवले.

मशीन खडखडू लागलं. मागची वीट नेहमीसारखी उडू लागली, अंग इकडून तिकडे झुलू लागलं. विशाखा झाकणाकडे पाहत होती. आकाशी रंग, कडेला एक ओरखडा, मधोमध तो जरासा फिका पडलेला भाग, जिथे वर्षभर एक तळहात ठेवला जात होता. तिथे काहीच नव्हतं.

ती पाहत असतानाच खडखड थांबली.

वीट स्थिर झाली. झाकण जरासं दबल्यासारखं झालं. आत पाणी संथ घुमत राहिलं, उजवीकडे, डावीकडे. पुढच्या खोलीतल्या वर्तमानपत्राचा आवाजही थांबला होता. दादांचा कान इकडे होता, हे तिला न पाहता कळलं. उठून पळावं असं तिच्या पायांना वाटलं, पण ती बसून राहिली. घंटी वाजेपर्यंत बसून राहिली.

मग तिने झाकण उघडलं. पाण्यावर लुगडं एखाद्या झोपलेल्या माणसासारखं पसरलेलं होतं. पीळ नव्हता, गुंता नव्हता. पदर सगळ्यांत वर आला होता आणि त्याच्या टोकाला गाठ होती, हिरवी, घट्ट, डावीकडे वळलेली. शेपूट आत खोचलेलं.

तिने ती हातात घेतली. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. नख लावायची सवय बोटांना होती, ती तिने आवरली. अंगठा गाठीवरून फिरवला, आई फिरवायची तसा, एकदा, मग पुन्हा. ज्या घरात मेलेल्या माणसाशी कुणी कधी बोललं नव्हतं, त्या घरात दादा कान देऊन गप्प बसले होते.

विशाखाने मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

"सांग, आई. मी ऐकतेय."